जंगलाला वेताळ कशाला हवा?

वेताळाच्या चित्रकथांवर आजवर दोन प्रकारचे आक्षेप घेतले गेले, आणि दोन्ही आक्षेप नेम चुकलेल्या बाणासारखे बाजूने निघून गेले. पहिला आक्षेप आईवडिलांचा व शिक्षकांचा. ही पुस्तके मुलांना मारामारी शिकवतात, अभ्यासावरून मन उडवतात, डोळे बिघडवतात. दुसरा आक्षेप विद्वानांचा. ही पुस्तके अमेरिकन आहेत, साम्राज्यवादी आहेत, काळ्या माणसांच्या मुलखात एका गोऱ्या माणसाला देव करून बसवणारी आहेत. पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याचीही गरज नाही. वेताळ वाचून वाढलेली पिढी आज बँकांतून, शाळांतून आणि रेल्वेतून निवृत्त झाली आहे, आणि तिच्यातील कोणी कोणाच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटवल्याचे ऐकिवात नाही. दुसरा आक्षेप बराचसा खरा आहे; पण तो इतका सरधोपट आहे की ज्याने वेताळ मनापासून वाचला त्याला तो बोचत नाही. मी वेताळाचा चाहता आहे. इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा आजही माझ्या कपाटात आहे आणि तो रद्दीत घालण्याचा माझा विचार नाही. म्हणूनच आरोप ठेवायचाच तर तो नेमका ठेवावा, आणि घरच्या माणसाने ठेवावा, असे मला वाटते.

तरुण वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी फँटम हे पात्र वृत्तपत्रांतील दैनंदिन चित्रमालेतून पुढे आणले. टाइम्स ऑफ इंडियाचे प्रकाशक बेनेट, कोलमन आणि कंपनी यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. पहिले ३२ अंक एकट्या फँटमचेच होते. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी येऊन मिळाली. १९९० साली ही मालिका बंद पडली तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या पलीकडे गेली होती. इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीतही हे अंक निघत, आणि मराठीत फँटमचा वेताळ झाला. कथेचा पाया सर्वांना ठाऊक आहे. १५३६ साली समुद्रचाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, एकटा तरुण बचावून किनाऱ्याला लागला, आणि बांडार नावाच्या बुटक्या वनवासी लोकांनी त्याला उचलून नेऊन जगवले. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हाती घेऊन त्याने अन्यायाशी आयुष्यभर झुंजण्याची शपथ घेतली आणि त्या शपथेत पुढच्या पिढ्यांनाही बांधून टाकले. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, तोच मुखवटा लावतो. जगाला वाटते, माणूस एकच आहे, चारशे वर्षांचा आहे, अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा.

यात गोडी नाही असे म्हणणाऱ्याला मी अरसिक म्हणेन. सुपरमॅन परग्रहावरून आला. त्याला उडता येते, गोळी त्याच्या छातीवर आपटून खाली पडते. वेताळापाशी यातले काही नाही. त्याला गोळी लागते, रक्त येते, ताप भरतो आणि एक दिवस तो मरतो. त्याचे सारे सामर्थ्य बापाने दिलेल्या आणि मुलाने पाळायच्या एका वचनात आहे. कवटीच्या गुहेत वीस पूर्वजांच्या समाध्या आहेत आणि त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या बखरींचे खंड आहेत. ज्या घरांत आजीची जपमाळ आणि पणजोबांच्या बाप्तिस्म्याचा दाखला पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला जातो, त्या घरांतील मुलांना या गुहेची ओढ का लागली हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या धर्मग्रामातील एका सिस्टरना कवटीवर हात ठेवून शपथ घेणारा नायक मुळीच पसंत नव्हता. त्यांना एका चुणचुणीत मुलाने संत जेरोमचे चित्र दाखवून विचारले होते की मग यांच्या मेजावर कवटी कशी? सिस्टर हसल्या, पुस्तक मात्र परत मिळाले नाही.

आता नावाविषयी. 'फँटम'ला मराठीत 'वेताळ' म्हणणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. आपला वेताळ गावाच्या वेशीवर असतो. तो भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री मशालींच्या उजेडात त्याची पालखी निघते म्हणतात. पण तोच गावाचा राखणदारही असतो. शेंदूर फासलेल्या धोंड्यापुढे गाव त्याला नारळ देते, नवस बोलते, नवस फळला नाही तर त्याच्याशी भांडते. कोकणात आणि गोव्यात तर त्याची देवळे आहेत. विक्रम राजाच्या पाठीवर बसून कोडी घालणारा तोही वेताळच. म्हणजे आपला वेताळ गावाचा आहे आणि गाव त्याच्याशी बोलते. एका शब्दाच्या बळावर एक मुखवटाधारी परदेशी गृहस्थ आमच्या वेशीवर येऊन बसला, आणि तो इतका पक्का बसला की 'वेताळ' म्हटल्यावर माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे शेंदूर येत नाही, जांभळा अंगचोर पोशाख येतो. गंमत अशी की संपादकांनी आपल्या परीने पुरेपूर खबरदारी घेतली होती. मूळ कथेतील प्रदेशाचे नाव आपल्या बंगालच्या फार जवळ जाणारे होते, म्हणून त्याचे 'डेंकाली' केले. 'सिंग' चाच्यांचे 'सिंगा' केले. हे जंगल आपले नव्हे, कुठलेतरी दूरचे आहे, असे वाचकाला वाटावे हा हेतू. तो सफल झाला नाही. चांदा जिल्ह्यातल्या पोराला त्या काळी डेंकाली कोठे आहे असे विचारले असते, तर त्याने सरळ पूर्वेकडे बोट दाखवले असते.

कारण जंगल दाराशीच होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. तोवर ताडोबापासून थेट भामरागड-सिरोंचापर्यंत सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. आजही गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्या, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जगापासून तुटणारे भामरागड, सागाची आणि बांबूची रांगच रांग. बल्लारशाह स्टेशनवर दिल्ली-मद्रास मार्गावरच्या गाड्या थांबत आणि फलाटावरच्या बुकस्टॉलवर वेताळ मिळे. एका हातात ते पुस्तक आणि खिडकीबाहेर ते जंगल. फॉकवर किपलिंगचा प्रभाव होता आणि किपलिंगच्या मोगलीचे सिवनी तर नागपूरच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर आहे. म्हणजे डेंकालीचे पाणी आमच्याच शेजारच्या विहिरीतून शेंदलेले होते, असे म्हटले तरी फारसे बिघडणार नाही.

मग माझा आक्षेप कोणता? तो असा की वेताळाच्या जंगलात वेताळाखेरीज कोणाच्याही आयुष्यात काही घडत नाही.

'जंगलातली जुनी म्हण' हे वेताळाच्या चाहत्यांचे सर्वांत लाडके वैशिष्ट्य. माझेही आहे. कथेत मध्येच एक चौकट येते आणि तीत जंगलवासीयांची एखादी म्हण दिलेली असते. पण गठ्ठा समोर घेऊन त्या म्हणी एकापाठोपाठ एक वाचून पाहाव्यात. वेताळाचा आवाज कसा, वेताळाची चाल कशी, वेताळ रागावला तर काय होते, वेताळ एकाच वेळी किती ठिकाणी असतो. जवळजवळ सगळ्या म्हणी वेताळावरच! पावसावर म्हण नाही, मोहफुलांवर नाही, सावकारावर नाही, चुलत्यावर नाही. जगाच्या पाठीवर अशी कोणती भाषा आहे की जिच्यात सासूवर एकही म्हण नसावी? चारशे वर्षे ज्या लोकांनी या जंगलात शिकार केली, पोरे वाढवली, माणसे पुरली, त्यांना आपल्या आयुष्यातील एकही गोष्ट म्हणीत बसवावी असे वाटले नाही. त्यांची सारी वाणी एका पाहुण्याच्या स्तुतीत खर्ची पडली.

याच्या शेजारी आमच्याकडचे खरे जंगल ठेवून पाहा. गोंडांत चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी कुळे असतात आणि सोयरीक कोणाची कोणाशी व्हावी हे त्या हिशोबावर ठरते. पेर्सा पेन हा त्यांचा थोर देव. माडियांच्या गावी तरुणांचे गोटुल आहे, त्याची गाणी आहेत, त्याचे नियम आहेत. कोणता कंद कोणत्या महिन्यात खणावा, कोणत्या झाडाला कुऱ्हाड लावू नये, मेलेल्या माणसाचा दगड कोठे रोवावा, यावर तेथे रात्र रात्र बोलणे चालते. हे सारे मराठीत नव्हते असे नाही. पण ते अभ्यासकांच्या जाड ग्रंथांत होते. मुलांच्या हातात जे पडले त्यात जंगलातील माणसे ढोल वाजवत, भाले उंचावत आणि वेताळ आला म्हणून हर्षाने ओरडत.

काही वर्षांपूर्वी भामरागडकडचा एक मुलगा शिक्षणासाठी आमच्या गावी वसतिगृहात राहत होता. माझ्याकडून तो एकेक अंक नेई आणि न फाडता परत आणी, हे विशेष. एके दिवशी अंक परत देताना त्याने विचारले, "सर, हा वेताळ शहराकडे गेला म्हंजे मागं जंगलात काय होते?" मी म्हटले, "ते दाखवलेलं नाही." तो म्हणाला, "हो, पण काही तं होतच असंल ना." आणि पुढचा अंक घेऊन गेला.

वेताळाचे जाणकार वाचक येथे थांबतील. कारण प्रश्न अगदी वर्मावर बसतो. वेताळ काळा चष्मा लावून, लांब कोट घालून 'मिस्टर वॉकर' म्हणून शहरात जातो तेव्हा चित्रे त्याच्यामागोमाग जातात. डेंकालीचे जंगल दिवा मालवावा तसे मालवते. तो परत येतो तेव्हा ते पुन्हा लागते.

आणि तरीही, वेताळाच्या कथेचा जो खरा कणा आहे तो बांडारांच्याच हातात आहे. हे फॉकला कळले होते की नाही, कोण जाणे. (बांडार हे नाव आपल्या कानाला कसे लागते ते सांगायला नकोच.) वेताळ मर्त्य आहे, बाप जातो आणि मुलगा येतो, हे गुपित बाहेरच्या जगात जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही. बांडारांना मात्र ते ठाऊक आहे. पहिल्या तरुणाला किनाऱ्यावरून त्यांनी उचलले. गुहा त्यांनी दाखवली. तिचे रक्षण त्यांचे विषारी बाण करतात. जखमी वेताळाला ते बरे करतात, मेलेल्या वेताळाला पुरायला तेच असतात, आणि नवा मुलगा मुखवटा लावून गुहेबाहेर येतो तेव्हा हा तोच जुना अमर पुरुष आहे अशी मुद्रा करून उभे राहतात. वीस वेळा त्यांनी हे केले! जगातील सर्वांत मोठी थाप बांडारांनी चारशे वर्षे सांभाळली, आणि एकही माणूस फुटला नाही. ही थाप त्यांनी का सांभाळली? त्यांचा त्यात काय फायदा होता? एखाद्या पिढीत कोणी तरुण बांडार उठून 'आता पुरे' म्हणाला नसेल काय? गुरन हा त्यांचा मुखिया वेताळाचा बालमित्र. रात्री आपल्या झोपडीत तो बायकोशी वेताळाविषयी काय बोलत असेल? आठशे अंकांत या प्रश्नाला एक पान मिळाले नाही. माझे वेताळावरचे प्रेम येथेच अडखळते. समोर एवढी मोठी कथा होती, आणि लेखक तिच्याकडे पाठ करून घोड्यावर बसून निघून गेला.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की फॉक एका जागी थांबला नाही. १९९९ साली तो वारला, तोपर्यंत तो लिहीत होता, आणि जग बदलले तसे त्याने काही बदलले. साठीच्या दशकापासून त्याच्या राष्ट्रात वसाहतीचे गोरे अधिकारी जाऊन निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष आला. डॉक्टर लुआगा हा काळा, सुशिक्षित, सभ्य माणूस, आणि त्याच्याविरुद्ध हुकूमशहा होऊ पाहणारा जनरल बाबाबूही काळाच. मँड्रेकचा सोबती लोथार आरंभी बिबळ्याचे कातडे पांघरून मोडके इंग्रजी बोलत असे. १९६५ नंतर तो नीट कपड्यांत, नीट भाषेत बोलू लागला. पण राष्ट्राध्यक्ष झाला तोही शहरात. जंगल होते तेथेच राहिले.

आता कोणी म्हणेल, पोरांच्या चित्रपुस्तकावर एवढा खल कशाला? कारण आमच्या दोन जिल्ह्यांत या चित्राने पुस्तकाबाहेर बराच मुक्काम केला आहे. येथे येणारा प्रत्येक जण वेताळाच्या भूमिकेतच येतो. १९८० साली प्राणहितेच्या पलीकडून बंदूकधारी दलम आले. ते आदिवासींचे रक्षक म्हणून आले. त्यांच्यामागे शासनाच्या बंदुका आल्या. त्याही आदिवासींच्या रक्षणासाठीच. दोन्ही रक्षकांच्या मध्ये सापडून मेलेल्यांची नावे वाचली तर ती बहुतेक गोंड आणि माडिया आहेत. खबऱ्या म्हणून एका बाजूने मारले गेले ते हेच, आणि पोलिसांच्या गणवेशात सुरुंगाने उडाले त्यांतही हेच पुष्कळ. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या चळवळीच्या एका ज्येष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. वृत्तपत्रांत मोठमोठी छायाचित्रे आली. ४५ वर्षे दोन वेताळांची लढाई ज्यांच्या अंगणात चालली, त्यांचे म्हणणे आतल्या पानावरही शोधावे लागले.

येथे इंद्रजालच्याच दुसऱ्या एका नायकाची आठवण होते. १९७६ साली आबिद सुरती यांनी 'बहादुर' निर्माण केला. डाकूचा मुलगा, बापाला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच वाढवलेला, आणि पुढे गावकऱ्यांना शस्त्रे देऊन नागरिक सुरक्षा दल उभारणारा. परक्या नायकांच्या गर्दीत हा कुर्ता घातलेला देशी नायक पाहून आम्ही हरखलो होतो, आणि गाव स्वतःचे रक्षण स्वतः करते ही कल्पना वेताळाच्या मानाने पुष्कळ पुढची होती यात शंका नाही. पण २००५ साली इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडात 'सलवा जुडूम' या नावाने गावकऱ्यांच्याच हाती बंदुका देण्यात आल्या तेव्हा काय झाले ते आमच्या सरहद्दीवरच्या गावांनी पाहिले आहे. गावेच्या गावे उठली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस म्हणून शस्त्रे देणे घटनाबाह्य ठरवले. चित्रकथेत शस्त्र चांगल्या माणसाच्या हाती पडले की गोष्ट संपते.

बंदुका सोडा. जे केवळ सेवेसाठी आले त्यांच्याही गळ्यात आपण मुखवटा अडकवतो. हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे जे केले त्यापुढे मान लवते. पण २०१४ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला तेव्हा त्याच्या नावात काय होते? 'द रिअल हीरो'. माझे भांडण डॉक्टरांशी नाही, त्या शब्दाशी आहे. ज्या माडिया बाईने परक्या माणसाच्या सुईपुढे प्रथम आपले मूल धरले, तिच्या धैर्याला कोणते नाव देणार? तिच्यावाचून दवाखाना उघडून बसलेला डॉक्टर नुसता बसूनच राहिला असता.

आणि आपणही आपल्या अंगणाकडे पाहिलेले बरे. १९६२ साली चांदा येथे सिरो-मलबार मिशनक्षेत्र स्थापन झाले आणि केरळातून कार्मेलाईट फादर या मुलखात आले. पुढे शाळा, दवाखाने, वसतिगृहे झाली. कष्ट खरे होते. परंतु मिशनकार्याच्या ज्या सचित्र पुस्तिका आपल्या घराघरांतून आल्या, त्यांतले चित्र आठवा. मध्यभागी पांढरा झगा, सभोवती उघडी मुले, आणि पाठीमागे काळे जंगल. फादरांचे नाव चित्राखाली असे. मुलांची नावे नसत. वेताळाच्या चौकटीतली बांडारांची गर्दी आणि ही गर्दी यांत चित्रकाराने फारसा फरक केलेला नव्हता, असे मी म्हटले तर कोणी रागावू नये. रागावले तरी पुस्तिका काढून पाहाव्यात.

वाघाची गोष्ट राहिली. वेताळापाशी एक 'एदेन' नावाचे बेट आहे. तेथे वाघ-सिंहांना बछडेपणापासून मासे खाऊन वाढवलेले आहे, त्यामुळे ते हरणांबरोबर गुण्यागोविंदाने राहतात. यशयाच्या ग्रंथातील लांडगा आणि कोकरू ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहेत अशा आपल्या वाचकांना हे बेट विशेष आवडे, मलाही आवडे. चंद्रपूर जिल्ह्यात मात्र वाघाला कोणी मासे शिकवलेले नाहीत. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प झाले, वाघ वाढले, पर्यटक वाढले. आणि अलीकडच्या वर्षांत जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी डझनांनी माणसे मरत आहेत. एप्रिल-मेमध्ये मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला पहाटे वाकलेल्या बाया त्यांत असतात. ताडोबा हे नावच मुळी तारू या गावप्रमुखावरून पडले असे लोक सांगतात. तो वाघाशी झुंजताना मेला. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे जत्रा भरण्याची परंपरा आहे. तारूला मुखवटा नव्हता, वाघ त्याला ऐकत नव्हता, आणि तो हरला. हरलेल्या माणसाचा देव करणाऱ्या या लोकांची समज एदेन बेटाच्या समजेपेक्षा मला प्रौढ वाटते. आज गाडीत बसून वाघ पाहायला येणाऱ्या किती जणांना तारू कोण हे ठाऊक असते?

"मग वेताळाऐवजी देशी नायक काढा," असा एक सोपा उपाय सुचवला जातो. नायक आहेत की! मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी १८५८ साली गोंड-माडिया तरुण जमवून इंग्रजांशी युद्ध मांडले आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यांच्यावर चित्रकथा अवश्य निघावी. पण त्यांना दंड फुगवून, घोड्यावर बसवून, सभोवती पुन्हा तीच भाले उंचावणारी बिननावाची गर्दी काढायची असेल, तर पोशाखाचा रंग तेवढा बदलेल.

याहून अवघड चित्र काढून पाहावे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. एक जरी म्हातारी अडून बसली तरी बोलणे पुढच्या बैठकीपर्यंत चालू राहते. बाहेरचे लोक तेथेही गेले. चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे, २०२५ साली दिवंगत झालेले मोहन हिराबाई हिरालाल वर्षानुवर्षे तेथे जात राहिले. पण ते अभ्यासगटात इतरांबरोबर बसत, माहिती आणून देत, आणि निर्णयाच्या वेळी गावाला बोलू देत. गुहा, सिंहासन काही नाही. वनहक्क कायद्यानुसार २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांपैकी ते एक. आणि मग खरी लढाई सुरू झाली, ती एका रबरी शिक्क्यासाठी.

बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो. तो वनखाते देणार. १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड होते आणि २००६ च्या वनहक्क कायद्यात ते गौण वनोपज होते. झाड म्हटले की मालकी खात्याची, उपज म्हटली की गावाची. बल्लारपूरच्या कागद गिरणीला याच जिल्ह्यांतून वर्षानुवर्षे बांबू गेला, तेव्हा असा वनस्पतिशास्त्राचा पेच पडल्याचे स्मरत नाही. गाव मागे हटले नाही. अर्ज केले, पुन्हा केले, बैठकी घेतल्या, कायद्याची कलमे पाठ केली.

यात चित्र कसले काढणार, असे चाहते म्हणतील. झाडाखाली बसलेली माणसे, कागद, पुन्हा माणसे. ठोसा नाही, घोडा नाही. मला ते मान्य नाही. ज्या चित्रकारांनी नुसत्या ढोलांच्या आवाजावर आमच्या अंगावर काटा आणला, त्यांना एका गावाची रात्रभर चाललेली बैठक काढता येणार नाही, हे मी मानायला तयार नाही. तीत अडून बसलेली म्हातारी आहे, उतावळे पोर आहे, पैशाच्या मोहात पडू पाहणारा आहे, आणि भामरागडच्या त्या मुलाला पाहायचे होते तेच सारे आहे. शेवटचे पान तर तयारच आहे. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि परवान्यांचे पुस्तक गावाचे देवाजी तोफा यांच्या हाती दिले. पाहुणे गेल्यावर बांबू कोणी, किती आणि कोठून तोडायचा हे ठरवायला ग्रामसभा पुन्हा बसायची होती.